पापण्या मोजणाऱ्या मॅडम

भाग्यलक्ष्मी मॅडमशी पहिल्यांदा बोलून आलेल्या माणसाला वाटायचं, आपलं एवढं लक्ष देऊन आजवर कुणी ऐकलंच नव्हतं. त्या समोरच्याच्या चेहऱ्यावरून नजर काढत नसत. मध्येच फोन बघणं नाही, घड्याळ बघणं नाही, "हं, हं" करत फाइल चाळणं नाही. मी सोलापूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र विभागात नोकरीला लागले तेव्हा त्या तिथं प्राध्यापक होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला चहाला बसवलं आणि "मंगळवेढ्याची का तू? सांग की मग," एवढंच म्हणाल्या. चहा संपेपर्यंत मी आमचं घर, वडिलांचं किराणा दुकान, घरची ज्वारी आणि ठरून मोडलेलं माझं लग्न, असं सगळं त्यांच्यापुढं ओतून मोकळी झाले होते. आईलाही जे सांगितलं नव्हतं ते एका अनोळखी बाईला का सांगितलं, हे मला बाहेर आल्यावरही कळेना.

विभागातले एक जुने सहकारी माझा चेहरा बघून हसले. म्हणाले, "त्यांचा उजवा हात कुठं होता, बघितलात का?" मी नाही म्हटलं. "टेबलाखाली होता. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असतो त्यांचा. तुमच्या पापण्या मोजल्या त्यांनी. मिनिटाला किती वेळा लवतात ते."

मी तशी तापट आहे, आणि तेव्हा तर वयही तापायचंच होतं. दुसऱ्या दिवशी सरळ त्यांच्या खोलीत जाऊन विचारलं, "मॅडम, काल तुम्ही माझं ऐकत होता की पापण्या मोजत होता?" त्यांना जराही लाज वाटली नाही. "दोन्ही की," त्या म्हणाल्या. "लग्नाचं सांगताना तुझी पापणी एकदम भराभर लवायला लागली. म्हणून तर मी पुढचं काही विचारलं नाही. ज्वारीवर आणलं तुला." आणि खरंच, मुलाकडच्यांनी काय कारण सांगितलं हे आता त्या विचारणार, अशी मला भीती वाटत असतानाच त्यांनी मंगळवेढ्याची ज्वारी एवढी पांढरी का असते हे विचारलं होतं. माझा राग तिथंच विरला.

आपण पापण्या का लववतो, हा मॅडमचा आयुष्यभराचा विषय. धूळ गेली किंवा कुणी अंगावर धावून आलं म्हणून डोळे मिटतो, ते वेगळं. त्यांना हवी होती ती आपली आपण लवणारी पापणी, जिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, खुद्द मालकाचंही नाही. ती बोलताना जास्त लवते, वाचताना कमी. मन लागलं की थांबते, घाबरलं की पळत सुटते. डोळा ओला ठेवायला लागते त्याहून कितीतरी जास्त वेळा लवते, आणि का, ते अजून पुरतं कुणाला ठाऊक नाही. मेंदूतलं एक द्रव्य कमी झालं तर तिचं लवणंही कमी होतं, एवढं मात्र ठाऊक आहे. हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते लहानपणी. माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं, तेलुगू बोलणारं, विणकराचं. वडील मागावर बसलेले असताना त्यांच्या पायाशी बसून ही पोर त्यांचं तोंड बघायची. धागा चालू आहे तोवर वडिलांची पापणी हलायची नाही, आणि धागा तुटला की दोन-तीनदा पटापट लवायची. "मला वाटायचं, धागा पापणीलाच बांधलाय," त्या सांगायच्या.

मोजायची पंचाईत अशी, की ज्याचं मोजायचं त्याला सांगून चालत नाही. 'आता तुमच्या पापण्या मोजतो' म्हटलं की माणूस एक तर डोळे ताणून बसतो किंवा त्याला उबळ आल्यासारख्या पापण्या फडफडायला लागतात. मॅडमचं वाक्य होतं, "ज्याला कळलं, त्याचं बिघडलं." म्हणून रीतसर अभ्यासात 'बोलण्याचा अभ्यास' असं सांगून लोकांची संमती घ्यायची, पंखा बंद करायचा, कारण वाऱ्यानं डोळा कोरडा पडतो आणि आकडा फसतो, आणि मग गप्पा मारत मोजायचं. सगळं झाल्यावर खरं काय मोजलं ते सांगायचं, आणि कुणी नको म्हणालं तर त्याचा आकडा गाळून टाकायचा. सोलापूरच्या एप्रिलात पंखा बंद करून अनोळखी माणसाला हसत बोलतं ठेवणं हे किती अवघड आहे, ते केल्याशिवाय कळायचं नाही. मॅडमला ते सहज जमे.

एकदा सांगोल्याकडची एक म्हातारी समोर होती. सुनेवरून सुरू झालेलं बोलणं शेळ्यांवर गेलं, शेळ्यांवरून टँकरवर, तिथून परत सुनेवर. शेवटी मॅडमनी तिला खरं काय ते सांगितलं. म्हातारी म्हणाली, "म्हंजी पापन्या मोजत हुता व्हय तुमी? आन मी येड्यावानी घरचं समदं गाऱ्हानं सांगत बसले." मग स्वतःच हसत सुटली. "ऱ्हाऊ द्या आकडा. इतकं निवांत आमचं कुनी ऐकत न्हाय." जाताना पिशवीतली दोन डाळिंबं टेबलावर ठेवून गेली. मॅडम ती बराच वेळ हातात घेऊन बसल्या होत्या. माणसं बोलायला किती आसुसलेली असतात, ह्याचं त्यांना दर वेळी नव्यानं वाईट वाटे.

हळूहळू मलाही त्यांचा रोग जडला. एसटीत, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत माझा अंगठा आपोआप पेरांवरून चालायला लागला. दुपारच्या चहाला आम्ही दोघी हे आकडे एकमेकींपुढे ठेवायचो, पण त्यांची एक शिस्त होती. नाव सांगायचं नाही. वय, माणूस काय करत होता, पंखा होता की नव्हता, उजेड कसा होता, एवढंच. दुसरीनं आपलं मत द्यायचं आणि मगच नाव विचारायचं. नाव आधी कळलं की आपण त्या माणसाबद्दल जे धरून चाललेलो असतो तेच दिसायला लागतं, असं त्या म्हणत. एकदा मी सांगितलेल्या एका गृहस्थाबद्दल त्या म्हणाल्या, "ह्यांना झोप मिळत नाही बहुतेक." ते आमचेच अधिष्ठाता होते, आणि त्यांच्या घरी महिन्याचं नातवंड होतं. त्या दिवशी आम्ही दोघी चहाचा पेला धरता येईना इतक्या हसलो.

दुसरी शिस्त म्हणजे घरात मोजायचं नाही. ह्याची गोष्ट त्यांनी मला एकदा लाजत सांगितली. लग्न नवं असताना जेवायला बसल्यावर त्या नवऱ्याकडे एकटक बघत होत्या. नवऱ्याला आधी बरं वाटलं. मग त्याचं लक्ष त्यांच्या अंगठ्याकडे गेलं. "काय मोजायलीस?" त्यानं विचारलं. त्यांनी खरं सांगितलं. तो रागावला नाही, नुसता हिरमुसला. त्यांची बोटं आपल्या मुठीत धरून म्हणाला, "मला नको मोजू. मी नवरा हाय तुझा, पेशंट न्हाय." त्यांनी शब्द दिला. पुढं मुलगी झाली, तीही त्या शब्दात आली. "मोजलं की माणूस घरचं राहत नाही, शुभांगी," त्या मला म्हणायच्या. "घरच्यांकडे नुसतं बघावं."

राजेशमकाका, म्हणजे मॅडमचे यजमान, टॉवेलचा छोटा कारखाना चालवत. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळं घरातही ओरडूनच बोलत. दिवाळीला विभागात सगळ्यांना टॉवेल घेऊन येत आणि दारातूनच हाक मारत, "काय डॉक्टरलोक, किती डोळे झाले?" मग माझ्याकडे बघून एक डोळा मिचकावत आणि विचारत, "ही धरायची का न्हाय?" मॅडम कपाळाला हात लावत, पण त्या दिवशी त्यांनी ठेवणीतली साडी नेसलेली असे. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. त्या दिवशी मॅडम कॉलेजात उशिरा येत आणि सांगत, "ह्यांनी भरलं सगळं, मी नुसती नळ बघत बसले." एवढं सुखाचं घर मी थोडंच पाहिलं आहे.

त्या घरात भांडण आलं ते मुलीच्या लग्नावरून. श्रावणीला पुण्यात नोकरी लागली होती आणि तिनं तिथंच अकलूजकडचा एक मुलगा पसंत केला. मुलगा चांगला, पण परक्या जातीचा, परक्या भाषेचा. काका नाही म्हणाले. मोठ्यानं, स्पष्ट नाही म्हणाले. मॅडम मुलीच्या बाजूनं उभ्या राहिल्या आणि शेवटी लग्न लागलं. काका लग्नाला आले, अक्षता टाकल्या, पंगतीत फिरले, पण सगळ्या फोटोंत त्यांचा चेहरा दगडासारखा आलेला. पाहुण्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

त्यानंतर काका बोलेनासे झाले. म्हणजे विचारलं तर उत्तर देत, पण हळू, तोंडातल्या तोंडात. हसणं बंद. समोर बसले की टक लावून बघत राहत. मॅडम सुरुवातीला तेलुगूत विचारायच्या, "कोपमा?" राग आलाय का? ते म्हणायचे, "कोपम् लेदु." राग नाही. "पण बघ की कसे बघतात," मॅडम मला सांगत. "पापणीसुद्धा न हलवता बघतात ग. आणि म्हणतात राग नाही." हे वाक्य त्यांनी माझ्यापुढं कितीदा म्हटलं असेल. त्या काय बोलतायत हे त्यांनाही कळलं नाही आणि मलाही नाही, कारण आम्ही दोघी तेव्हा बायकांसारख्या बोलत होतो, डॉक्टरांसारख्या नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला श्रावणी आली. वडिलांना ती नायना म्हणे. नायनांसाठी तिनं शर्ट आणला होता, तो त्यांनी मांडीवर ठेवला आणि तसेच बघत राहिले. ती कारखान्याबद्दल बोलली, लहानपणीचे किस्से सांगितले, त्यांच्या नकला केल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती परत गेली आणि आईला फोनवर म्हणाली, "त्यांनी तोंडावर शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं." मग वर्ष उलटून गेलं तरी ती आली नाही. आता मॅडमनीही हट्ट धरला. "मी पण माणूसच आहे की. किती दिवस भिंतीशी बोलू?" त्या स्वयंपाक करून ठेवत, ते जेवून उठत. काकांचा खांदा आखडला होता, त्यावर तेल चोळायला एक माणूस येई. पूर्वी ते तेल मॅडमनी स्वतः चोळलं असतं.

एका रविवारी मॅडमनी मला जेवायला बोलावलं. मला वाटतं, घरात तिसरं माणूस असलं की ताटावर दोन शब्द तरी बोलले जातात, म्हणून बोलावलं असावं. पुंटीकूर, म्हणजे आपली अंबाडी, आणि ज्वारीची भाकरी होती. आम्ही पाटावर बसलो आणि लाइट गेली. पंखा थांबला. काका माझ्या समोर होते, खिडकीचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता. मी भाजीची तारीफ केली. काका हळू आवाजात म्हणाले, "पाला मी निवडला. म्हणून चांगली झाली." मॅडमनी माझ्याकडे बघितलं. 'ऐकलास टोमणा?' असं त्या नजरेत होतं. मला मात्र पहिल्यांदा वाटून गेलं, की हा टोमणा नव्हता. ही तर काकांची थट्टा होती, जुनीच, फक्त तिच्याबरोबर यायचं ते हसू आलं नव्हतं.

पंखा बंद, उजेड चांगला, समोरचा माणूस बोलतोय. माझा अंगठा कधी सुरू झाला ते मलाच कळलं नाही. एरवी बोलणाऱ्या माणसाला चारही बोटं पुरत नाहीत, पण इथं अंगठा पुढं सरकेना. पहिल्या बोटाचीही पेरं पुरी झाली नाहीत आणि मिनिट संपल्यासारखं वाटलं. वाटलं, चुकलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग मी बाकीचंही बघायला लागले. घास तोंडाशी न्यायला लागणारा वेळ, शर्टाचं चुकीच्या काजात गेलेलं बटण, हात धुवायला उठल्यावर अंगाला चिकटून राहिलेला एक हात. थरथर कुठंच नव्हती. थरथर असती तर शेजाऱ्यांनीही ओळखलं असतं.

हे मॅडमना कसं सांगायचं, ह्याचा मी पुष्कळ विचार केला आणि शेवटी त्यांचीच रीत धरली. सोमवारी चहाला बसल्यावर मी म्हटलं, "एक आहे. वय साठीच्या आसपास. पुरुष. जेवताना बोलत होते. पंखा बंद, उजेड समोरून. पहिलं बोट पुरं होईना. दोनदा बघितलं."

मॅडमनी पेला खाली ठेवला. "बोलताना? आवाज कसा होता?"

"खाली गेलेला."

"चेहरा?"

"काही उमटत नाही. एक हात चालताना हलत नाही. थरथर नाही."

"अगं मग नक्की काय बघायचं राहिलंय? मेंदूच्या डॉक्टरकडे पाठव आजच्या आज. कंपवात असणार, थरथर नसलेला. असे पेशंट उशिरा येतात, कारण घरच्यांना वाटतं माणूस रागावलाय. हसत नाही, बोलत नाही, टक लावून बघतो. बिचाऱ्याला सांगताही येत नाही, की..." त्या बोलता बोलता थांबल्या. मग शिस्तीप्रमाणे विचारायचं ते त्यांनी विचारलं. "कोण आहेत?"

मला नाव घेता आलं नाही. मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले. त्यांनीही माझ्याकडे बघितलं, आणि नाव न घेताच ते त्यांच्यापर्यंत पोहोचलं. त्या उठल्या, पर्स घेतली, परत बसल्या. "मी त्यांना दिलेला शब्द पाळला, शुभांगी," एवढं म्हणाल्या. "दुसरं काही केलं नाही ग मी." त्यांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

निदान तेच निघालं. औषधानं काकांना फरक पडला. खांदा सैल झाला, चालणं सुधारलं, आवाजही थोडा वर आला. चेहरा मात्र पहिल्यासारखा झाला नाही. डोळे कोरडे पडत म्हणून मॅडम दिवसातून कितीदा तरी त्यांत थेंब घालायच्या. मॅडमनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि काकांचा कारखाना भाड्यानं दिला. मी भेटायला गेले की दोघं खिडकीपाशी शेजारी शेजारी बसलेली असत. समोरासमोर बसणं त्यांनी बंद केलं होतं. "समोर बसलं की चेहरा दिसतो, आणि चेहरा खोटं बोलतो ह्यांचा," त्या म्हणत. ज्या बाईनं जन्मभर माणसांची तोंडं बघितली, ती आता मला सांगायची, "तोंडाकडे बघू नको. काय बोलतात ते ऐक." आणि कान जवळ नेऊन ऐकलं तर काका पूर्वीसारखेच थट्टेखोर होते. हे सगळं आधीही तिथंच होतं, हे मॅडमना सोसवत नसे. वाया गेलेल्या त्या दिवसांबद्दल त्या बोलायला लागल्या की काका हळूच त्यांचा हात थोपटत, आणि त्यानं त्या जास्तच रडत.

श्रावणीला हे पटवणं अवघड गेलं. पहिल्यांदा फोनवर तिनं सरळ विचारलं, "लग्नाला नाही म्हणाले, तेही आजारानंच का?" मी तेव्हा तिथंच बसले होते. मॅडम खोटं बोलल्या नाहीत. "नाही. ते त्यांनीच म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "पण नंतरच्यातला राग किती आणि आजार किती, ते आता मलाही सांगता येणार नाही. मला मोजता आलं असतं. मी मोजलं नाही." त्यानंतर श्रावणी येऊ लागली, पण पाहुण्यासारखी. वाकून नमस्कार करायची, तब्येत विचारायची आणि आईबरोबर स्वयंपाकघरात जाऊन बसायची. वडिलांनी एकदा तोंडानं 'चुकलं' म्हणावं, असं तिला वाटत असावं. ते म्हणालेही असतील, पण तिनं कान कधी जवळ नेला नाही.

मॅडमच्या जिवाला तेवढा एकच घोर होता. "माझ्यामागं ह्यांचं करायला बाई ठेवता येईल," त्या मला म्हणाल्या. "पण ह्यांना ओळखणार कोण? सगळे म्हणतील, म्हातारा राग धरून बसलाय. आणि पोरगीही तेच म्हणेल. मला त्याची भीती वाटते." मी म्हटलं, "तुम्हाला काय होतंय?" असलं काहीतरी आपण सगळेच म्हणतो.

ह्या उन्हाळ्यात, पाणी यायच्या दिवशी, नळापाशीच त्या कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. रुग्णालयात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मला फोन आला तेव्हा मी तास घेत होते. विद्यार्थ्यांना काय सांगून बाहेर पडले ते आठवत नाही.

घरी गेले तेव्हा मॅडमना बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. पायाशी काका खुर्चीवर बसले होते. पाठ ताठ, हात मांडीवर, नजर मॅडमच्या चेहऱ्यावर. श्रावणी दुपारी पुण्याहून पोचली आणि आईच्या अंगावर पडून मोठमोठ्यानं रडली. खोली बायकांनी भरली होती. सगळ्या रडत होत्या, एकट्या काकांचा चेहरा कोरा होता. त्यांची थोरली बहीण भिंतीला टेकून बसली होती. ती शेजारणीला तेलुगूत म्हणाली, हळू म्हणायचं म्हणून म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. इतक्या वर्षांत मला तेवढं तेलुगू कळायला लागलं होतं. "पोरीच्या लग्नापासून बायकोवर रुसलाय. बघ की, ती गेली तरी पापणी लवत नाही ह्याची."

श्रावणीनं मान वर केली. मला वाटलं, आता ही वडिलांकडे बघेल आणि तिलाही तेच दिसेल. मी काही बोलायला उठणार, एवढ्यात ती उठली. खुर्चीच्या बाजूला जमिनीवर बसली आणि वडिलांचा गुडघा धरून म्हणाली, "आत्या, ते रडतायत. तुम्हाला दिसत नाही एवढंच."

काकांचे ओठ थोडे हलले. कुणाला काही ऐकू आलं नाही. ती गुडघ्यांवर उठली आणि तिनं आपला कान त्यांच्या तोंडाशी नेला. बराच वेळ तशीच राहिली. मग तिनं डोळे पुसले आणि आत्याकडे, शेजारणींकडे, माझ्याकडे बघत म्हणाली, "नायना म्हणतायत, तिनं सकाळी काही खाल्लं नव्हतं. पाणी भरून झाल्यावर दोघं मिळून खाणार होते."

काकांचे ओठ पुन्हा हलले आणि तिनं पुन्हा कान नेला. मॅडमना उचलून नेईपर्यंत ती तिथून हलली नाही. ते जे जे म्हणाले ते ती मोठ्यानं सगळ्यांना सांगत राहिली.